तुम्ही विचारलंत म्हणून: इंदुरात बाळासाठी डॉक्टर कोणते?

मुलगी बाळंतपणाला माहेरी यायची ठरली की आजीचा प्रश्न येतोच: "इंदुरात नवजात बाळासाठी चांगले डॉक्टर कोण?" एखादं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. रामबागेतल्या घराला जे सोयीचे, ते निपानियाच्या घराला रात्री अकरा वाजता काय कामाचे? म्हणून नाव न सांगता निवड कशी करायची ते सांगते.

डॉक्टर बाळ यायच्या आधी ठरवा, आठव्या महिन्यातच. एकदा जाऊन भेटून या. नॉर्मल बाळंतपणात दोन दिवसांत घरी सोडतात, आणि वजन उतरण्याचे नि कावीळ चढण्याचे दिवस नेमके तिसरा ते पाचवा. बाळ तेव्हा घरी असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "घरी सोडल्यावर बाळाला कधी आणायचं?" दोन ते तीन दिवसांत, असं उत्तर हवं. "दीड महिन्याच्या लसीला आणा" म्हणणारे डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, नवजात बाळासाठी मी ते सुचवणार नाही.

पाटीवर 'शिशु रोग विशेषज्ञ' असतं, त्याखालची पदवी वाचा. बालरोगातली एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.सी.एच. यांपैकी एक हवी. बस, पदव्यांचा याहून जास्त विचार करू नका.

वजन कसं करतात ते मात्र नीट बघा. बाळाचं सगळं उतरवून, काट्यावर दुपटं अंथरून, काटा शून्यावर आणून मग बाळ ठेवायला हवं. काटा 10 ग्रॅमचाही फरक दाखवणारा असावा. ओल्या डायपरने 50 ग्रॅमचा फरक पडला तरी जवळजवळ दोन दिवसांची वाढ त्यात लपते, कारण दूध नीट मिळणारं बाळ रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. ही वाढ सुरू होण्याआधी वजन थोडं उतरतंच. 3 किलोचं बाळ 2.8 वर आलं तर घाबरायचं नाही. 2.7 च्या खाली गेलं तर पाजण्यात काहीतरी अडतंय. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं.

वजन कमी दिसल्यावर डॉक्टर पुढे काय करतात, तिथे खरी पारख होते. चांगले डॉक्टर आईला समोर बसवून पाजायला सांगतात. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी आईच्या छातीला टेकलीय का, गिळल्याचा आवाज येतोय का, हे बघतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी शू होतेय का, विचारतात. यातलं काहीच न करता पावडरच्या दुधाचा डबा लिहून देत असतील तर दुसरीकडे दाखवा. 1992 च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, तेव्हा भिंतीवर डब्याच्या कंपनीचं कॅलेंडर दिसलं तर तेही लक्षात ठेवा.

कावीळ. आपल्या घरांत "कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला फार जुना आहे, पण ऊन हा काविळीचा उपचार नाही. त्यात बाळ गारठतं किंवा तापतं, आणि निळ्या दिव्याखाली ठेवायची, म्हणजे खऱ्या उपचाराची, वेळ टळून जाते. बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा बाळ किती तासांचं आहे त्यावर वाचायचा असतो. 12 हा आकडा तिसाव्या तासाला काळजीचा, तर शंभराव्या तासाला, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात, बहुतेकदा लक्ष ठेवण्यापुरता. "बाळ किती तासांचं?" हे विचारल्याशिवाय रिपोर्ट नॉर्मल ठरवणं चूक आहे. आईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल तर आधीच सांगून ठेवा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर थांबायचंच नाही.

आता अंतर. अर्ध्या तासात गाठता येतील असे डॉक्टर हवेत. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, तेव्हाची वाटही ठरवून ठेवा. रात्री फोन कोण उचलतं, आणि बाळाला भरती करायची वेळ आली तर कुठे पाठवतात, तिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे का, हे स्पष्ट विचारा. शासकीय व्यवस्थेत एम.वाय. रुग्णालय आहे, मुलांचं चाचा नेहरू रुग्णालय आहे, आणि आजारी नवजात बाळाचा उपचार तिथे मोफत होतो. बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार पडलं किंवा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर फोनवर औषध मागू नका, निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला बघितल्याशिवाय फोनवरच तापाचं औषध सांगणारे डॉक्टर मला चालणार नाहीत.

चिठ्ठी हातात आली की मात्रा मि.ली.मध्ये लिहिलीय का बघा, आणि बाटलीची ताकदही. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये 1 मि.ली.ला 100 मि.ग्रॅ. असतं, नेहमीच्या सिरपमध्ये 5 मि.ली.ला 125. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. सिरपचा हिशेब ड्रॉप्सला लावला की बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. रोज 400 युनिट द्यायचे असतात, पण एका बाटलीत 1 मि.ली.ला 400 तर दुसरीत 800. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. सर्दी-खोकल्याचं सिरप तर दोन वर्षांच्या आत नकोच. 2025 मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्याला, दूषित सिरपने लहान मुलं गेली.

लसी खासगीत घेणार असाल तर फ्रीज दाखवायला सांगा, यात संकोच कसला? आत तापमापी हवी, आणि तिचा आकडा 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या मधला. लसी दारात ठेवलेल्या नकोत, शेजारी डबे-बाटल्या नकोत. वीज गेल्यावर काय करतात तेही विचारा. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि कावीळ-बी च्या लसी गोठल्या तरी वाया जातात, त्यामुळे फार गार फ्रीजही वाईटच. जन्माच्या वेळच्या तीन, बी.सी.जी., पोलिओ आणि कावीळ-बी, दवाखान्यातून निघण्याआधी कार्डावर चढल्यात का तपासा.

गुटी, वेखंड, बेंबीत तेल, मध चाटवणं याबद्दल डॉक्टरांना आजीसमोरच विचारा. मध वर्षाच्या आत नको, बेंबीत काही घालायचं नाही, हे त्यांनी आजीला कारणासकट, मान ठेवून सांगायला हवं. रोज बाळाजवळ तीच असते. आईला बाजूला घेऊन सांगितलेलं घरी टिकत नाही.

आणि तीन महिन्यांनी मुलगी पुण्याला किंवा नागपूरला परत जायची असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. लसीचं कार्ड ब्रँड आणि बॅच नंबरासकट भरून घ्या, वजन, उंची आणि डोक्याचा घेर वाढीच्या आलेखावर मांडून घ्या. सोबत न्यायच्या फाइलमध्ये टाचेतून रक्त घेऊन केलेल्या थायरॉइडच्या तपासणीचा आणि कान तपासल्याचा रिपोर्ट असायला हवा. कानांची तपासणी बाळ एक महिन्याचं व्हायच्या आत झालेली बरी, म्हणजे ती इंदुरातच उरकेल.