मु. आमचा, पो. शेजारचं

पत्ता लिहिताना लोक ‘मु. पो.’ एका दमात लिहून मोकळे होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीला ती चैन नाही. ‘मु.’ आमचा, पण ‘पो.’ पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या गावाचं. सातबाऱ्यावर नाव महसुली गावाचं, आणि ग्रामपंचायत दोन गावांची मिळून एक. एसटीच्या पाटीवरही वाडी नाही. फाट्यावर उतरायचं आणि चालायला लागायचं.

आमचा भूगोल चालतच सांगावा लागतो. आधी सडा. काळा पडलेला जांभा, मे महिन्यात नुसता तवा. पण पाऊस लागला की त्याच कातळावर गवत आणि रानफुलं. सडा संपला की चिऱ्यांची घाटी. पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्यात की सर येऊन गेली की प्रत्येकीत वाटीभर पाणी उरतं. खाली पाणंद, दोन्ही अंगांना दगडी गडगे, मग गोठे, मग घरं. ती उतारावर एकाखाली एक, त्यामुळे खालच्या घरातलं कुठलं कौल सरकलंय हे आमच्या काकीला त्या घरच्यांच्या आधी कळतं. तळाशी पऱ्या. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी एप्रिल सरता सरता विहिरीच्या तळाला कळशी खरवडते. जांभ्यात मुरलेलं पाणी उताराने कधीच खाली निघून गेलेलं असतं.

लोकसंख्येचं मात्र अवघड आहे. घरं एकवीस, एवढं नक्की. माणसं किती?

जनगणनेला आलेल्या मास्तरांनी हेच विचारलं, तेव्हा काकीने उलट विचारलं म्हणे, “आता, की शिमग्याला?” मास्तर हसले. पण प्रश्न रास्त होता. २०११ साली मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत आणि आकडा धरला १ मार्च सुरू होतानाचा. होळी होती १९ मार्चला. मोजणारे गेले आणि मागोमाग चाकरमानी उतरले! भाद्रपदातही तेच, ज्या घरात एकटी म्हातारी राहते, तिथे गणपतीत पडवीपर्यंत अंथरुणं पडतात. पुढची जनगणनाही १ मार्च २०२७ धरूनच होणार, आणि तेव्हाही होळी नंतरच.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. राज्य फुगत होतं, आम्ही आटत होतो. हजार पुरुषांमागे बायका ११२२. या आकड्याचं कौतुक करणारे भेटले की मला हसू येतं. अहो, बाप्ये मुंबईला गेलेत! पूर्वी लालबाग-परळला, आता विरारला नि दिव्याला. बायका जास्त नाहीत, त्या मागे राहिल्यात.

वाडीची स्वतःची मोजणी वेगळी असते. ती आहे शिमग्याच्या पालखीच्या वर्गणीच्या वहीत. तिथे डोकी मोजत नाहीत, चूल मोजतात. कुलूप असलं तरी चूल धरतात आणि पट्टी लागतेच. त्यावरून मुंबईतल्या बैठकीत दरवर्षी वाद होतो (“आम्ही आठ दिवस राहणार, मग पूर्ण पट्टी कशाला?”) आणि दरवर्षी सगळे पूर्ण पट्टी भरतात.

बंद घरं सध्या नऊ. त्यांच्या किल्ल्या काकीच्या फडताळात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात असतात. प्रत्येकीला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. काकीला अक्षरओळख नाही, चिंधीवरून घर कळतं. पालखी यायच्या आदल्या दिवशी ती डबा कमरेला धरून निघते. एकेक दार उघडते, जळमटं काढते, अंगणावर शेणाचा हात फिरवते. हिरव्या चिंधीचं कुलूप गंजलंय, ते दर वेळी खोबरेल तेल मागतं. यंदा मी निघताना तिने मला बजावलंय, “मुंबईवरनं नवं कुलूप आण. पण चावी एकच नको, दोन असूदेत.”