प्रादेशिक गाड्यांनी दाखवलेली शहरे

आखेनमध्ये शिकत असताना शनिवारी कोणत्या शहरात जायचे, हे आमच्या आवडीनिवडीपेक्षा हातातल्या तिकिटानेच अधिक ठरवले. जर्मनीत बहुतेक विद्यार्थ्यांना सत्रशुल्कातच प्रवासाचे तिकीट मिळते, आणि २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांनी, तेव्हा महिन्याला २९.४० युरो दराचे, देशभर चालणारे सेमिस्टर तिकीट स्वीकारले. त्यात मेख एवढीच, की ते बस, ट्राम, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांतच चालते. आयसीईसारख्या जलद गाड्यांत नाही. त्यामुळे बर्लिन किंवा म्युनिक कागदावर आमच्या आवाक्यात असले, तरी गाड्या बदलत बदलत तिथे पोहोचेपर्यंत शनिवार संपला असता. ब्रसेल्समार्गे पॅरिसला जाणारी जलद गाडी आमच्याच स्थानकात थांबत असे. आम्ही मात्र डॉर्टमुंड किंवा हामकडे जाणारी, सगळीकडे थांबत जाणारी गाडी पकडत असू.

माझ्या मते त्यात आमचा फायदाच झाला. स्वस्त विमानाने शनिवार-रविवारात एखादी राजधानी उरकून येणारे सहाध्यायी सोमवारी प्रयोगशाळेत पेंगत असत, आणि त्यांच्याकडची छायाचित्रेही थोड्याफार फरकाने सारखीच असत. आमच्या वाट्याला अशी शहरे आली, ज्यांची नावे घरी फोनवर सांगितली की पलीकडून ‘हे कुठे आले?’ असा प्रश्न येई.

त्यातले पहिले नाव वुपरटालचे. आखेनहून आरई-४ ही गाडी न बदलता सुमारे दोन तासांत तिथे नेते. दरी अरुंद, मधून वुपर नदी, दोन्ही काठांवर कापडाच्या आणि रंगांच्या गिरण्या, अशा स्थितीत रस्त्यावर ट्रामला जागा उरली नव्हती. म्हणून तिथल्या लोकांनी चक्क नदीच्या वर रूळ उभारून त्याला डबे खालून टांगले. १९०१ मध्ये सुरू झालेली ही श्वेबेबान आजही शहराची रोजची वाहतूक करते: लांबी १३.३ किलोमीटर, स्थानके वीस. डब्यात पाय ठेवताच तळ किंचित हलतो आणि आपण कशाला तरी लोंबकळत आहोत हे पोटाला आधी कळते. वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुकतो, पायांखाली वुपरचे उथळ पाणी दिसते, पोलादी कमानींचे पाय दोन्ही काठांवर फाकून रोवलेले असतात, आणि शेजारी बसलेल्या आजीबाई भाजीची पिशवी मांडीवर ठेवून निवांत वर्तमानपत्र वाचत असतात. फोविंकेलच्या बाजूला नदी सुटते आणि गाडी थेट रस्त्यावरून, लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोरून जाते. १९५० मध्ये एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाची लहान हत्तीण या गाडीत चढवली. ती बिथरली, डब्याची बाजू फोडून खाली नदीत पडली, आणि किरकोळ जखमांवर वाचली. आमच्यातल्या सांगलीच्या मित्राने ही गोष्ट ऐकल्यावर पहिली चौकशी केली ती हत्तिणीच्या तिकिटाची.

फ्रीडरिश एंगेल्स याच शहराच्या बार्मेन भागात जन्मला आणि अ‍ॅस्पिरिन इथल्याच एल्बरफेल्ड भागातल्या प्रयोगशाळेत तयार झाली. एवढे असूनही तिथे पर्यटकांची गर्दी नाही.

कोलोनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे सगळेच जातात. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कॅथेड्रल समोर उभे राहते. १२४८ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १८८० मध्ये पूर्ण झाले. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या आम्ही गप्पा मारत चढायला लागलो आणि गप्पा निम्म्यातच थांबल्या. तिथल्या जुन्या बिअरगृहांत कोल्श बिअर २०० मिलिलिटरच्या अरुंद पेल्यात येते. वाढपी न विचारता रिकाम्या पेल्याच्या जागी भरलेला ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. ती चकती पेल्यावर झाकली, की मगच तो थांबतो. पाहुणचारातल्या आपल्या आग्रहाची सवय असलेल्यांना ही पद्धत लगेच समजते, फक्त इथे प्रत्येक रेघेचे पैसे लागतात.

बॉनला बहुतेक विद्यार्थी एप्रिलमध्ये जातात, जुन्या भागातल्या चेरीच्या बहरासाठी. आम्हीही गेलो, पण त्या गुलाबी गल्ल्यांत फोन उंच धरलेल्या माणसांमधून चालणे अवघड होते. म्हणून दुपारी जुन्या दफनभूमीत शिरलो. संगीतकार क्लारा आणि रॉबर्ट शूमान तिथे आहेत, बेथोव्हेनची आई आहे, आणि आम्हाला ज्यांचे कुतूहल होते ते आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलही आहेत. बॉन विद्यापीठात संस्कृतच्या अध्यापनाचा पाया घालणाऱ्या या माणसाने १८२३ मध्ये भगवद्गीतेची देवनागरी संहिता लॅटिन अनुवादासह प्रसिद्ध केली. आमच्याबरोबर आलेल्या इराणी मैत्रिणीला हे सांगताना गीतेतला एखादा श्लोक म्हणून दाखवण्याची पाळी आमच्यावर आली. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’च्या पहिल्या ओळीनंतर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले; दुसरी ओळ शेवटी नाशिकच्या मैत्रिणीने पूर्ण केली.

या सहलींचा खर्च कमी राहिला तो तिकिटाबरोबरच जेवणाच्या डब्यांमुळेही. रविवारी तिथे बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी आम्ही बाहेर, त्यामुळे आठवड्याचे वाणसामान शुक्रवारी संध्याकाळीच आणावे लागे आणि शनिवारी पहाटे कोणाच्या तरी खोलीत घरून आलेल्या भाजणीची थालिपीठे लागत. गाडी रद्द होणे, पुढची चुकणे, मधल्याच एखाद्या स्थानकावर तासभर बसणे, हे सगळे धरूनच आम्ही निघत असू, आणि त्या तासाभरासाठी एक डबा मुद्दाम राखून ठेवत असू. दिवसभरात रिकाम्या झालेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत जमा होत. प्रत्येकीमागे २५ सेंट अनामत परत मिळते. सोमवारी वसतिगृहाजवळच्या दुकानातल्या यंत्रात त्या टाकायची पाळी आळीपाळीने येई आणि मिळालेल्या पावतीवर पुढच्या शनिवारचे दही घेतले जाई.