काजव्यांच्या रानात मुक्काम: कॅम्परची बॅटरी, मंद दिवे आणि रतनवाडी

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या झाडांवर काजवे चमकू लागतात, आणि पावसाने एकदा जोर धरला की ते दिसेनासे होतात. या मोजक्या दिवसांत कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेऊन तिथल्या रतनवाडी गावात राहायचं, तर गाडीत रात्र निभावून नेणारी वीज हवी आणि रानाला त्रास न देणारे दिवे हवेत. यंदा निघण्याआधी आम्ही बॅटरी आणि दिवे दोन्ही बदलले. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे: आधी दिवे बदला, मग बॅटरी किती मोठी घ्यायची ते ठरवा.

कारण सगळा खेळ हिशेबाचा आहे. आमच्या गाडीत आधी 10 वॉटचे पाच हॅलोजन दिवे होते. संध्याकाळपासून पाच तास लावले की 250 वॉट-अवर संपायचे. मोबाइल आणि लॅपटॉप चार्ज करायला इन्व्हर्टर दिवसभर चालू असायचा, आणि काहीही जोडलेलं नसताना तो एकटाच 12-13 वॉट खायचा, म्हणजे चोवीस तासांत जवळपास 300 वॉट-अवर. शिवाय कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज मेच्या उकाड्यात 450 च्या आसपास, रात्रभराचा पंखा 160 आणि मोबाइल वगैरेंचे 80. बेरीज झाली 1240.

हॅलोजन काढून एकूण 12 वॉटच्या एलईडी पट्ट्या बसवल्या, तेव्हा दिव्यांचा खर्च 60 वर आला. इन्व्हर्टर बंद करून 12 व्होल्टवरून थेट चालणारी यूएसबी सॉकेट बसवली, ते 300 तर पूर्ण वाचले. बेरीज 750. बॅटरीला अजून हातही लावला नव्हता!

आता बॅटरी. बाकाखाली 150 एएचची (ॲम्पिअर-अवर) ट्युब्युलर लेड-ॲसिड होती, घरच्या इन्व्हर्टरला असते तीच. 12 व्होल्टच्या हिशेबाने कागदावर ती 1800 वॉट-अवरची, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी 900. वजन पन्नास किलोच्या वर, पाणी घालण्याचं काम वेगळं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून तिला हवेशीर जागा लागते. तिच्या जागी 12.8 व्होल्टची 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली. ही 1280 वॉट-अवरची, त्यातले हजारभर बिनधास्त वापरता येतात आणि वजन बारा-तेरा किलो. दुकानात 200 एएच घ्या म्हणून आग्रह झाला होता. 750 चा हिशेब हातात होता म्हणून 100 वर थांबलो आणि उरलेले पैसे वायरिंगवर घातले. ते तिथेच घालावेत.

लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. ती थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्राला, जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. बीएस-6 गाड्यांमध्ये अल्टरनेटर आपला व्होल्टेज अधूनमधून स्वतःच कमी करतो, तो घोळ निराळा. म्हणून मध्ये करंट आणि व्होल्टेज ताब्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आम्ही 30 ॲम्पिअरचा लावला. त्याची वायर किती जाड घ्यायची, हे अंदाजाने ठरवू नका. इंजिनपासून बॅटरीपर्यंत चार मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 30 ॲम्पिअरला 0.7 व्होल्ट वाटेतच जातात, 16 च्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास. फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना घाला, कारण एकीकडे इंजिनची आणि दुसरीकडे ही, अशी दोन्हीकडे बॅटरी आहे. लिथियमचा मुख्य फ्यूज शॉर्ट सर्किटचा प्रचंड करंट तोडू शकणारा, क्लास टी जातीचा घ्या. आणखी एक खर्च टाळू नका: शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजून शिल्लक दाखवणारा, बॅटरी मॉनिटर. या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नुसता व्होल्टमीटर बघून किती शिल्लक आहे ते कळत नाही.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि शेंडी, असा रस्ता. चार तास गाडी चालली तर 30 ॲम्पिअरने 120 एएच मिळतात, त्यामुळे बॅटरी कितीही उतरलेली असो, शेंडीपर्यंत भरून येते. मुंबईकरांनी घोटीवरून यावं. डिझेल, भाजी, पिण्याचं पाणी अकोल्यात किंवा राजुरातच घ्या. रतनवाडीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क आहे आणि काजव्यांच्या हंगामात रात्रीच्या वाहनांवर बंधनं असतात, तेव्हा नाक्यावर विचारूनच पुढे जा. कॅम्पर आहे म्हणून रानात कुठेही उभी करायची नाही. आम्ही गावातल्या एका घराच्या अंगणात पैसे देऊन उभी केली. जेवणही तिथलंच, म्हणून गाडीतली शेगडी पेटवावी लागली नाही.

अंगणातल्या आंब्याखाली सावली होती आणि छतावर 200 वॉटची सोलर पॅनेल्स. सावली घ्यायची की ऊन? मी सावली निवडली. उन्हात उभ्या गाडीत फ्रिज दुप्पट राबतो आणि बरीच कमाई तोच खाऊन टाकतो. शिवाय बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करू नयेत असं सांगितलेलं असतं. छतावरच्या पॅनेलवर फांदीची थोडी सावली पडली तरी उत्पादन खूप घसरतं, म्हणून लांब वायरीचं एक घडीचं पॅनेल उन्हात मांडलं. मेअखेरीस दुपारनंतर वळवाचे ढग येतात. सोलरची कमाई सकाळीच होते, हे धरून चाला.

दिव्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. काजव्याचा नर उडता उडता लुकलुकतो आणि मादी पानावरून किंवा गवतातून उत्तर देते. आपल्या पांढऱ्या झगझगीत उजेडात ही बोलणी बुडतात. बोलणी बुडाली की जोड्या जुळत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. म्हणून पट्ट्या 2700 केल्विनच्या, पिवळसर घेतल्या, पायाशी बसवल्या आणि डिमर लावला. बाहेरच्या वावरासाठी एकच लहान लाल दिवा. खिडक्यांना जाड पडदे. एलईडी पट्टीबाबत एक तांत्रिक गोष्ट: चार्ज होताना बॅटरीवर 14.4 व्होल्ट चढतात आणि 12 व्होल्टची पट्टी त्याने तापून लवकर खराब होते. मध्ये 12 व्होल्ट स्थिर देणारा छोटा रेग्युलेटर बसवा.

गाडीतले आपोआप लागणारे दिवेही आठवणीने शोधा. दार उघडलं की लागणारा छतातला दिवा स्विचने बंद ठेवा. रिमोटने कुलूप लावलं की इंडिकेटर लुकलुकतात, म्हणून तिथे किल्लीनेच लावा. चार्जरच्या निळ्या ठिपक्यांवर काळी टेप चिकटवा.

अंधार पडल्यावर घरच्या आजी म्हणाल्या, "दादा, तेवढा लालही मालवा, डोळं बसू द्या अंधाराला." मालवला. दहा-पंधरा मिनिटांत समोरचा सादडा शेंड्यापर्यंत उजळून निघाला, सगळे काजवे एका लयीत पेटत-विझत होते. हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर यांवरही ते दिसतात. मग एक मोटार हेडलाइट पूर्ण उघडून आली आणि रस्त्याकडेची झाडं बराच वेळ अंधारी राहिली. असं कोणी करू नये, मनापासून विनंती आहे. फोटोला फ्लॅश नको, झाड हलवणं नको, काजवे बाटलीत भरणं तर नकोच.

सकाळी मॉनिटरवर 46 टक्के शिल्लक होते. दहाच्या आत अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर पाहून घ्या, नंतर दगड तापतो.

जाण्याआधी दोन कामं करा. गाडीच्या रचनेत बदल केला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओत नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या सोलर कंट्रोलरची सेटिंग लिथियमवर न्या आणि लेड-ॲसिडसाठी असलेलं इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्टेजने चार्ज करणं) बंद करा. पुढे हीच गाडी हिवाळ्यात स्पितीकडे नेणार असाल, तर शून्याखाली ही बॅटरी चार्ज करता येत नाही, तेव्हा हीटर असलेलीच घ्या. आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्म्यावर आणून मुख्य स्विच बंद करा.