देव्हाऱ्याचा खण

"काका, तुमचं बरं आहे. सगळं देवावर सोडलं की झालं. पण खरं सांगा, असा धंदा चालतो का? असं घर चालतं का?"

ऐरोलीला आयटीत असलेला पुतण्या हे विचारतो. हरिपाठाला नव्याने येऊ लागलेली मंडळी विचारतात. मागच्या आठवड्यात तर माल उचलायला आलेल्या टेम्पोवाल्यानेही विचारलं. दोष माझाच आहे. गळ्यात माळ आहे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात लेथच्या वर विठोबाची तसबीर आहे (तेलाच्या धुराने काच पिवळी पडलीय, विठोबा आता अंदाजानेच ओळखावा लागतो), आणि कुणी "कसं चाललंय?" म्हटलं की माझ्या तोंडून "त्याच्या कृपेने" आपोआप निघतं. तुम्हीही विचारलंत म्हणून आज सुट्टी बघून लिहायला बसलो. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची.

आधी धंद्याचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

वडील जुन्नरकडून ठाण्याला आले आणि इथल्याच एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक सेकंडहँड लेथ घेतला आणि भाड्याचा गाळा. आज दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आहेत, एक जुना लेथ आहे, पाच माणसं आहेत. आम्ही जॉबवर्क करतो. पार्टी ड्रॉइंग देते, आपण तसा नग काढून द्यायचा.

काही वर्षांपूर्वी गनमेटलच्या 400 बुशांचं, म्हणजे आतून पोकळ गोल नगांचं काम होतं. आतला बोअर, म्हणजे भोक, 25 मिलिमीटर, एच-7. म्हणजे 25 च्या खाली अजिबात जायचं नाही आणि वर जास्तीत जास्त 21 मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तिप्पट तरी जाड असतो. रात्रपाळीला मशीनला ऑफसेट, म्हणजे हत्यार किती सरकवायचं ते, देताना आकडा चुकला. सकाळी मी सहज एक नग उचलून गेज घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गेजला दोन टोकं असतात. एक बोअरमध्ये गेलंच पाहिजे, ते गो. दुसरं जाताच कामा नये, ते नो-गो. माझं नो-गो लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. सगळे नग तपासले तर 63 नग मोठे निघाले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा कापता आला असता. मोठा झाला की तो नग भंगारात.

ऑपरेटर म्हणाला, "शेठ, मिसळून टाकू का? ते लोक वीसेक नग काढून बघतात. लागले तर लागले."

मी लगेच नाही म्हणालो असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी संध्याकाळपर्यंत हिशेब करत बसलो होतो. गनमेटलचा भाव, भंगाराचा भाव, पुन्हा धातू आणायचा, पुन्हा मशीनचे तास. सहा वाजता दिवा लावला आणि मग म्हटलं, 63 बाजूला काढ. कारण एवढंच की पार्टीचा इन्स्पेक्टर 20 नग बघणार होता, पण वर तसबिरीत जो उभा आहे त्याने चारशेच्या चारशे पाहिले होते. रात्री त्याच्यासमोर हात जोडून मी काय बोलणार होतो?

मग त्या पार्टीने खूश होऊन मोठी ऑर्डर दिली का? छे. त्यांना कळलंसुद्धा नाही. माल आठ दिवस उशिरा गेला म्हणून उलट ऐकून घ्यावं लागलं, आणि पेमेंट नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी आलं. "देवाचं काम केलं आणि दुप्पट मिळालं" अशा गोष्टी सांगणारे लोक मला भेटतात. त्यांचं खरं असेलही. माझ्या वहीत तशी एकही नोंद नाही.

शेजारच्या गाळ्यातले माझे मित्र पक्के नास्तिक आहेत. तेही असे नग भंगारात टाकतात. एकदा म्हणाले, "तुला देव लागतो, मला लाज पुरते." मला ते पटलं. पण माझी लाज तितकी दणकट नाही हो. दुपारपर्यंत टिकते, मग तीही हिशेब करू लागते. म्हणून मला देव लागतो.

आता घराचं. हे लिहायला जड जातंय.

2020 च्या 25 मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. गाळा बंद, मशीन बंद. पाचातले तीन कामगार उत्तरेकडचे. ते नाशिक महामार्गाने जाणाऱ्या लोंढ्यात सामील झाले आणि पुढे मिळेल त्या ट्रकने गावी पोचले. एप्रिल आणि मे दोन्ही महिन्यांचा पगार मी पाचही जणांना दिला. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण तो पैसा कुठून आला हे मी घरात सांगितलं नाही. लेकीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेली साडेतीन लाखांची एफडी मी मोडली होती.

मशीनच्या कर्जाचे हप्तेही होते. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा आधी मेअखेरपर्यंत आणि मग 31 ऑगस्टपर्यंत दिली. बायकोने विचारलं, "हप्त्यांचं काय?" मी म्हणालो, "माफ झाले." माफ कसले, पुढे गेले होते आणि व्याज चालूच होतं. जुलैत ठाण्यात पुन्हा लॉकडाऊन लागला. रोज संध्याकाळी घरात आम्ही चौघं, म्हणजे मी, ही, लेक आणि आई, हरिपाठ म्हणत होतो. मी टाळ वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, पांडुरंगा, सगळं तुझ्यावर सोडलंय.

एफडी मोडल्याचा बँकेचा कागद ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. कपाटात हिचा हात, टेबलात लेकीचा. मी तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला, कापराच्या डबीखाली, घडी घालून. खरं सांगतो, तेव्हा मला ते चुकीचं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की देवाच्या पायाशी ठेवलंय, तो बघेल.

दिवाळीच्या दोन दिवस आधी बायको देव घासायला बसली. वर्तमानपत्र पसरलेलं, पितांबरीचं पाकीट उघडलेलं, लंगडा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ताटलीत. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून घासण्याचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच आवाज नाही. मी दारात गेलो तर ती पितांबरीच्या बोटांनी तो कागद धरून बसली होती. कागदावर लाल-तपकिरी ठसे उमटले होते. ते ठसे अजून आहेत, कागद मी टाकलेला नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "देवाला सांगितलंत. मला कधी सांगणार होतात?"

मी म्हणालो, "अगं, तुला काळजी नको म्हणून. मी सगळं देवावर सोडलं होतं."

ती आमच्यापेक्षा जुन्या वारकरी घरातली आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेरच्या गोरोबांनी नामाच्या नादात पोर चिखलात तुडवलं. पण त्यांचे डोळे तरी मिटलेले होते. तुम्ही उघड्या डोळ्यांनी तुडवलंत. आणि गोरोबांना पोर पंढरपुरात परत मिळालं. आपल्या लेकीची फी कोण परत देणार, ते सांगा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय, आणि दर वेळी भक्तीत दंग झालेल्या गोरोबांकडेच बघत आलोय. त्यांच्या बायकोकडे, जी पाणी आणायला गेली होती आणि परत आल्यावर तिला ते दिसलं, तिच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

चार दिवस आमचं बोलणं बंद. लक्ष्मीपूजन झालं, तेही मुक्यानेच. आईला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, ती आपली जपमाळ जोरजोरात ओढत होती.

16 नोव्हेंबरला पाडवा होता. आठ महिने बंद असलेली राज्यातली देवळं त्याच दिवशी उघडली. मी पहाटे अंघोळ करून एकटाच कौपिनेश्वराला गेलो. तलावपाळीवर मास्क लावलेल्या माणसांची रांग, मध्ये गोल आखलेले, हार-नारळ न्यायला बंदी. आत जेमतेम काही सेकंद मिळाले. एवढी मोठी पिंड, आठ महिने तिच्यासमोर माझ्यासारखी गर्दी नव्हती आणि तिचं काही अडलं नव्हतं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. डोक्यात एकच विचार होता, संध्याकाळी ही ओवाळेल तेव्हा ताटात काय टाकायचं. दर पाडव्याला साडी, एखाद्या वर्षी सोन्याची छोटीशी वस्तू. त्या वर्षी खिशात काही नव्हतं, आणि असतं तरी ते टाकायचं तोंड नव्हतं.

परत येताना गाळ्यावर गेलो. कपाटातून कच्ची वही काढली. पक्के हिशेब सीएकडे असतात. कच्च्या वहीत खरं असतं, कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, कुणाकडून हातउसने घेतलेत. वडिलांच्या वेळेपासून ती वही घरातल्या बाईने कधी उघडलेली नव्हती. संध्याकाळी तिने पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं, नजर न मिळवता. मी ताटात वही ठेवली. निरांजन एका बाजूला सरकवावं लागलं, एवढी ती जाड.

ती म्हणाली, "हे काय?"

म्हटलं, "यात सगळं आहे. हातउसनेसुद्धा."

ती रात्री दीड वाजेपर्यंत वाचत होती. मधून मधून विचारायची, "हे कोण? यांनी दोन वर्षं दिलेच नाहीत?" मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं होतं. देवावर सोडल्याने जे हलकं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं, ते त्या रात्री वाटलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती गाळ्यावर येते. आधी दिवा, मग वही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, तिनेच करून घेतली. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हा कायदा 2006 पासून आहे. मला ऐकून माहीत होता, पण पार्टी तुटेल या भीतीने मी कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. तिने बिलाच्या खाली ती ओळ छापून घेतली. एक पार्टी खरंच तुटली. मी चार दिवस धुसफुसलो. बाकीच्यांचे पैसे थोडे लवकर येऊ लागले, 45 दिवसांत नाही, पण नव्वदाचे साठ-सत्तर झाले. पार्टीला फोन ती लावते. ती फोनवर असताना मी तसबिरीची काच पुसतो.

लेकीचं शिक्षण शैक्षणिक कर्जावर झालं. हप्ते ती आता स्वतःच्या पगारातून भरते. माझ्या हातून गेलेले साडेतीन लाख तिच्या डोक्यावर बसले, यात देवाची इच्छा वगैरे मी शोधत नाही. ती माझी चूक होती. तिने मला माफ केलंय की नाही, विचारलेलं नाही. घरी कुठलाही कागद सापडेनासा झाला की ती म्हणते, "बाबा, देव्हाऱ्यात बघा आधी." सगळे हसतात. मीही हसतो.

तर पुतण्याला मी काय सांगतो? त्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, तो हल्ली गुरुवारी न चुकता हरिपाठाला येतो. बायकोला सांगितलंय का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, तिला कशाला उगाच टेन्शन? विठ्ठल आहे ना." मी टाळ खाली ठेवले आणि त्याला वर सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली, कागदावरच्या ठशांसकट. त्याला ती आवडली नाही. त्याला बहुतेक माझ्याकडून काहीतरी धीराचं ऐकायचं होतं.

मी रोज सकाळी देवाला सांगतो की आजचे सगळे नग तू बघतोयस. आणि जे त्याला सांगतो ते त्याच दिवशी जेवताना हिलाही सांगतो. याउपर मला काही येत नाही.

गेल्या दिवाळीलाही बायको देव घासायला बसली. हल्ली ती खण पूर्ण बाहेर ओढते आणि वर्तमानपत्रावर पालथा करते, माझ्यादेखत. कापराचे चुरे पडले, दोन जळक्या काड्या, सुकलेली तुळस, एक सुटं नाणं, आणि खंडेनवमीला पूजेसाठी घरी आणलेला कार्बाइडचा एक कोरा इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या हत्याराचं कापणारं पातं. तो मी तीन आठवडे गाळ्यात शोधत होतो.