मार्गिटचा ठेका

रात्र 1 ते 3

एल्डन रिंग या गेममधल्या मार्गिट नावाच्या बॉसकडून पहिल्या तीन रात्रींत 23 वेळा मेलो. वहीत प्रत्येक मरणाची एक रेघ आहे. चौथ्या रात्रीपासून रेघेशेजारी कारणही लिहायला लागलो आणि खरी सुधारणा तिथून झाली, म्हणून ही नोंद बरीचशी त्या कारणांचीच आहे.

आधी सामान सांगतो. एल्डन रिंग 25 फेब्रुवारी 2022 ला आला तेव्हा तो चालेल असा लॅपटॉप माझ्याकडे नव्हता. यंदा पावसाच्या तोंडावर एक वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेतला. गवत आणि सावल्यांची सेटिंग सगळ्यात खाली आणली, कारण हा गेम पीसीवर सेकंदाला 60 फ्रेम्सच्या वर जात नाही आणि त्या 60 जर 40-50 वर हेलकावे खात राहिल्या तर रोलचं, म्हणजे मार चुकवायला लोळण्याचं, टायमिंग कधीच हातात बसत नाही. चित्र थोडं रुक्ष दिसलं तरी चालेल, फ्रेम्स स्थिर हव्यात.

क्लास, म्हणजे सुरुवातीचं पात्र, व्हॅगाबाँड. लेव्हल 9, व्हिगर (ज्यावर हेल्थ ठरते) 15, हेल्थ 522, हातात लाँगसोर्ड आणि हीटर शील्ड. ही ढाल तलवारीचा, काठीचा साधा मार पूर्ण अडवते, जातो तो फक्त स्टॅमिना. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सामुराईची उचिगाताना देखणी आहे, रक्तही काढते, पण पहिल्या आठवड्यात माणसाला मारण्यापेक्षा टिकणं शिकायचं असतं.

लिमग्रेव्ह या गेमच्या पहिल्या मुलखात पाऊल टाकलं की समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसतो, ट्री सेंटिनेल. आपल्याकडे पावसाळ्यात नाशिकच्या गोदाघाटावर जायच्या आधी एकच प्रश्न विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय? गुडघ्याशी असेल तर एक बेत, छातीशी असेल तर दुसरा. ट्री सेंटिनेल हा मला या गेमचा दुतोंड्या मारुती वाटतो. त्याचा एक फटका खायचा, हेल्थचा पट्टा किती उतरला ते बघायचं आणि मग ठरवायचं. माझा दोन फटक्यांत संपला. सहा वेळा मरून मी त्याला वळसा घातला आणि त्या निर्णयाचं मला आजही समाधान आहे. बंदिस्त गेममध्ये बॉस दार अडवून बसतो, तिथे इलाज नसतो. इथे आख्खा मुलूख मोकळा आहे. वळसा घालणं हीसुद्धा चालच आहे.

पण तीच अक्कल मी स्टॉर्महिल चढून स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर पोचलो तेव्हा वापरली नाही. मार्गिट तिथे उभा असतो. लेव्हल 14 ला त्याच्यासमोर गेलो आणि तीन रात्री तिथेच अडकलो.

रात्र 4

आमच्या ढोल पथकाचा सराव सध्या सुरू आहे. मी ढोलावर, मावसभाऊ ताशावर. सराव संपल्यावर तो घरी आला, पावसामुळे राहिलाच, आणि मी खेळताना शेजारी बसून बघत होता. त्याने हा गेम कधी खेळलेला नाही. पाच मरणं गप्प बसून बघितली आणि म्हणाला, "दादा, तो काठी उचलतो तेव्हा तू लोळतोस. तो मारतो तेव्हा तू उठत असतोस."

मी परत एकदा खेळून बघितलं. शब्द न् शब्द खरा होता.

मार्गिटची सगळी गंमत थांबण्यात आहे. तो काठी डोक्यावर नेतो आणि तिथे धरून ठेवतो. आपलं बोट घाबरून बटण दाबतं, रोल होतो, रोलमधला मार न लागण्याचा क्षण हवेत वाया जातो आणि आपण उठत असतानाच काठी पाठीत बसते. आधीच्या गेम्समध्ये शत्रूचा हात हलला की रोल मारायचा ही सवय लागलेली असते. मार्गिट त्याच सवयीवर वार करतो.

ढोलावर नवीन आलेल्या मुलांचं अगदी असंच होतं. ताशाची तर्री चढत जाते, टिपरू वर गेलेलं असतं, आणि आपला ठोका चुकेल या धास्तीने मूल अर्धा क्षण आधीच हात टाकतं. त्याला काय सांगतात? हात वर राहू दे, ताशा ऐक, तो जागा देईल तेव्हा टाक. मग मी त्या रात्री मार्गिटला हात न लावता फक्त मोजायचं ठरवलं. तलवार म्यानातच असल्यासारखं खेळलो. ढाल वर, डोळे त्याच्या कोपरावर, आणि तोंडाने मात्रा.

वहीत उतरलेलं असं: डोक्यावरून येणारी काठी माझ्या मोजणीत एक-ला उठते, दोन-तीन नुसतीच लटकते आणि चार-ला पडते. रोल साडेतीनला. आडवा फटका याच्या निम्म्या वेळात येतो, तो ढालीवर घ्यावा. उंच उडी मारून खाली येतो तेव्हा वर बघत बसायचं नाही, कोपर खाली झुकायला लागलं की पुढच्या दिशेने, म्हणजे त्याच्याच पायाखालून रोल. तिथे तो नंतर क्षणभर रेंगाळतो आणि आपले दोन वार हमखास बसतात. मागे मागे रोल मारणं सगळ्यात वाईट. त्याचा हात लांब आहे, आणि अंतर पडलं की तो सोनेरी खंजीर फेकतो. पाठीमागेही निवांत उभं राहता येत नाही, शेपटी फिरवतो.

मोजणी तुमची वेगळी पडेल, मी आमच्या पथकाच्या लयीत मोजतो. पण मोठ्याने मोजा. मनातल्या मनात मोजलं की भीती लय पळवते.

त्या रात्री 9 मरणं, एकही वार न करता. पण शेवटच्या खेपेला चार मिनिटं जिवंत होतो.

रात्र 5 ते 8

पुलाकडे फिरकलो नाही. मावसभावाचं म्हणणं होतं की लय सापडलीये तर आत्ताच जा, मला ते पटलं नाही. लय सापडली तरी 522 हेल्थवर एक चूकही माफ होत नाही, आणि शिकताना चुका करायला जागा लागते.

टॉरेंट या माझ्या घोड्यावर बसून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाला गेलो. हा भाग किती जण टाळून पुढे जातात कोण जाणे, पण त्यांचं फार नुकसान होतं. तिथे तीन पडकी चर्च आहेत, प्रत्येकात एक सेक्रेड टिअर. लिमग्रेव्हच्या थर्ड चर्च ऑफ मारिकात चौथा. लाल फ्लास्कचा एक घोट सुरुवातीला 250 हेल्थ भरतो, चार टिअर दिल्यावर 580. याचा अर्थ काय ते मार्गिटसमोर कळतं: आधी एका फटक्याची भरपाई करायला दोनदा प्यावं लागत होतं, आता एकदा पुरतं. आणि पिणं हाच त्या लढाईतला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे, कारण लांबून प्यायला लागलो की खंजीर आलेच. त्यामुळे प्यायचं ते त्याची काठी जमिनीवर आपटल्यानंतर, त्याच्याजवळच.

सोनेरी रोपट्यांखाली गोल्डन सीड मिळतात. एक स्टॉर्महिलच्या रस्त्यावर, एक फोर्ट हाइटच्या पश्चिमेला. त्या देऊन चाराचे सहा फ्लास्क झाले. पाच लाल, एक निळा.

तलवार सुधारायला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण. खाणकामगारांच्या अंगाला साध्या धारेने काही होत नाही, पण भिंतीत स्मिदिंग स्टोन भरपूर आहेत. +1 ला दोन, +2 ला चार, +3 ला सहा, म्हणजे बारा दगडांत चर्च ऑफ एलेच्या ऐरणीवर जेवढं होतं तेवढं होऊन जातं. सुरुवातीला पाच लेव्हल्स ताकदीत घालण्यापेक्षा हे बारा दगड जास्त काम करतात.

रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारं, लेव्हल वाढवायचं चलन, बाकी सगळे व्हिगरला. 25 ला नेलं, हेल्थ 800. बरेच जण आधी स्ट्रेंग्थ वाढवतात, तो मोह मलाही झाला होता. पण मेलेल्या माणसाच्या ताकदीचा उपयोग काय? व्हिगर 40 पर्यंत नेलं की हेल्थ 1450 होते, तिथवर तरी डोळे झाकून घालत राहणार आहे. चिलखताचं वजनही बघा. एकूण भार 70 टक्क्यांच्या पुढे गेला की रोल जड होतो, माणूस लोळत नाही, आदळतो. मी एक शिरस्त्राण काढून 68 वर आणलं.

एका रात्री ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी उघडली आणि थेट केलिड या दूरच्या, अवघड मुलखातल्या सेलिया क्रिस्टल टनेलमध्ये जाऊन पडलो. बाहेर पडायला सव्वा तास लागला. ज्यांना माहीत नाही त्यांनी ती पेटी सोडा. अगील तळ्यावरच्या ड्रॅगनबद्दल एवढंच लिहितो की टॉरेंट त्याच्यापेक्षा जोरात पळतो.

रात्र 9 आणि 10

पुन्हा पूल. लेव्हल 24.

रात्री चर्च ऑफ एलेत रेना भेटते, तिने दिलेली घंटा आणि तिने बोलावता येणारे लोन वुल्फचे तीन लांडगे बरोबर होते. बोलवायला 55 एफपी (निळ्या फ्लास्कने भरते ती शक्ती) लागतात, व्हॅगाबाँडकडे सुरुवातीला 78 असतात, त्यामुळे दारातून आत शिरल्या शिरल्या बोलवायचे, मग उरलेल्यात तलवारीची "स्क्वेअर ऑफ" ही कला एकदोनदा. दाराबाहेर रोजियर या साथीदाराची सोनेरी खूण असते, त्यालाही हाक मारता येते. मी त्याला घेतलं नाही. लांडग्यांकडे मार्गिट वळला की मला श्वास घ्यायला जागा मिळते तेवढी पुरे होती, आणखी गर्दी झाली की त्याचा ठेका मला ऐकूच येत नाही. पॅचेस या विक्रेत्याकडे 5,000 रून्सला मार्गिट्स शॅकल मिळते, पहिल्या टप्प्यात ती वापरली की तो जमिनीला खिळतो. ज्यांना फारच त्रास होतोय त्यांनी खुशाल घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

नवव्या रात्री त्याचा हातोडा पहिल्यांदा नीट बघितला. हेल्थ उतरली की तो दुसऱ्या हातात सोन्याचा हातोडा काढतो आणि वारांची माळ लांबते. पहिल्या टप्प्याचा चार मात्रांचा ठेका इथे मोडतो. काठी, खंजीर, मग हातोडा. मी दोन वारांनंतर आता संपलं असं समजून पुढे जायचो आणि हातोडा डोक्यात. वहीत अकरा रेघांपुढे एकच शब्द आहे, "लोभ".

घरच्यांसाठी एक युक्ती. हा गेम पॉज होत नाही असं सगळे म्हणतात. इक्विपमेंटचा मेन्यू उघडायचा, तिथे हेल्पचं बटण दाबून मेन्यू एक्सप्लनेशन निवडायचं, सगळं जागच्या जागी थांबतं. आईने "अरे, ताटं वाढलीत, ये आता" म्हटलं की मी आता मार्गिटला हवेत लटकवून जेवायला जातो. आणि पावसाळ्यात ऑफलाइन खेळा. दहाव्या रात्री वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद पडला आणि गेमने मला उचलून थेट टायटल स्क्रीनवर टाकलं. मार्गिटची हेल्थ तेव्हा पावभर उरली होती. त्या रात्री परत मांडी घातली नाही.

रात्र 12

अकराव्या रात्री सराव उशिरापर्यंत चालला, हात भरून आले होते, खेळलो नाही. बाराव्या रात्री मावसभाऊ पुन्हा शेजारी. त्याने ताशाच्या काड्या काढल्या आणि सोफ्याच्या हातावर हळू आवाजात लय धरली. मी सांगितलं नव्हतं.

पहिल्या खेपेला लांडगे लवकर गेले, मीही गेलो. दुसऱ्या खेपेला पहिला टप्पा एकही घोट न पिता पार झाला. हातोडा निघाला तेव्हा पाच लाल फ्लास्क शिल्लक होते. इथे मी वार कमी केले. तीन वारांची माळ पूर्ण होऊ द्यायची, चौथा येतोय का ते बघायचं, आणि काठी जमिनीला टेकली असेल तरच एक जोरदार वार. एकच. दुसरा नाही. कंटाळवाणं वाटतं, पण अशा वारांनी त्याचा तोल ढळत जातो, आणि एकदा तो गुडघ्यावर आला. छातीत तलवार घालायची संधी ती, मी धावत जाऊन घेतली.

शेवटचे दोन फ्लास्क उरले असताना तो उंच उडाला. मावसभावाच्या काड्या थांबल्या. मी कोपराकडे बघत राहिलो, झुकलं, पुढे रोल मारला, उठलो तेव्हा त्याची पाठ समोर होती. एक वार. 12,000 रून्स आणि टॅलिझमन पाउच.

एकूण 61 मरणं. त्यातल्या कारण लिहिलेल्या 38 मध्ये 14 ठिकाणी "लवकर", 17 ठिकाणी "लोभ". "त्याचा वेग जास्त" असं एकदाही लिहिलेलं नाही. पहिल्या रात्री मी हेच कारण छातीठोकपणे सांगितलं असतं.

सध्या

लेव्हल 29, लाँगसोर्ड +3, व्हिगर 28. किल्ल्यात मुख्य दरवाजातून न जाता बाजूच्या पडक्या वाटेने शिरलोय, तिथले पक्षी पायांना पाती बांधून येतात. किल्ल्यातला बॉस गॉड्रिक, त्याच्यापर्यंत एकदा पोचलो, लढलो नाही, ढाल वर धरून मोजत राहिलो. तो वादळ उठवतो तेव्हा जमिनीवर एकदा आपटून थांबत नाही, पुन्हा आपटतो. पहिल्याला मी वाचलो, दुसऱ्याला नाही. वहीत नवीन पान काढलंय आणि त्यावर पहिली रेघ आहे, पुढे लिहिलंय, "दोन ठोके आहेत."