जपानहून पुस्तकं आणायची तर: तुम्ही विचारलंत म्हणून

"आठ-दहा दिवसांसाठी जपानला चाललोय. जपानी शिकतोय, तर तिथून परवडतील अशी पुस्तकं कुठून घेऊ?" एन-५ किंवा एन-४ (जपानी भाषेच्या परीक्षेच्या सुरुवातीच्या दोन पातळ्या) झालेली मंडळी हे हमखास विचारतात. आधी, काय आणायचं नाही ते.

पाठ्यपुस्तकं आणू नका. पुण्या-मुंबईच्या वर्गांत चालणाऱ्या 'मिन्ना नो निहोंगो'ची भारतीय आवृत्ती इथेच मिळते आणि जपानी प्रतीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय नव्या पुस्तकांसाठी तिथे दुकानं पालथी घालण्यात काही हशील नाही. किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदार ती पाळतो, म्हणून टोकियोतल्या शिंजुकूच्या मोठ्या दुकानात जो दर तोच गावातल्या स्टेशनाजवळच्या दुकानात. मलपृष्ठावर छापलेली 'होंताई' किंमत कराआधीची असते, तिच्यावर १० टक्के धरायचे. स्वस्त हवं असेल तर 'फुरुहोन', म्हणजे जुनी पुस्तकं.

त्यासाठी सर्वांत सोयीची साखळी बुक-ऑफ. स्वस्त कप्प्यात पुस्तक ११० येनांपासून, काही शाखांत २२० पासून. ११० येन म्हणजे साठ-सत्तर रुपये. शहराच्या मध्यवर्ती शाखांत कपडे आणि गेम्सच जास्त जागा अडवतात, म्हणून लोकवस्तीतल्या स्टेशनाजवळची शाखा गाठा. आत गेल्यावर मराठी माणसाची एक सोय आपोआप होते. पुस्तकं लावलेली असतात ती लेखकाच्या नावाने, आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा या क्रमाने. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या वळणावर बेतलेला आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे रुजला. इंग्रजी वर्णक्रमाची सवय असलेले पाहुणे जिथे चाचपडतात, तिथे आपलं बोट बरोबर कप्प्यावर पडतं.

घ्यायचं काय, हे दुकानापेक्षा महत्त्वाचं. पहिली कसोटी फुरिगाना: कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांच्या, बाजूला बारीक अक्षरांत दिलेला हिरागाना (साध्या उच्चारलिपीतला) उच्चार. तो असेल तर न येणारा शब्द कोशात अर्ध्या मिनिटात सापडतो. नसेल तर आधी कांजीच ओळखायची खटपट. 'शोनेन', म्हणजे मुलांसाठीच्या मांगात (जपानी चित्रकथांत) तो बहुधा सगळ्या कांजींवर असतो, प्रौढांसाठीच्या 'सेइनेन' मांगात बहुधा नसतो. दोन्हींचे कप्पे वेगळे असतात, तरी पान उघडून खात्री करा. त्यातही शाळा, घर, स्वयंपाक असले विषय निवडा. तलवारबाजी आणि जादूच्या मांगात जे शब्द भेटतात ते ना परीक्षेत येतात ना दुकानात.

एन-४ च्या पुढे गेलेल्यांना माझ्या मते मांगापेक्षाही मुलांच्या कादंबऱ्या उपयोगी पडतात. कोदान्शाचं 'आओई तोरी बुंको' आणि कादोकावाचं 'त्सुबासा बुंको' ही नावं लक्षात ठेवा. आकार लहान, फुरिगाना भरपूर, आणि कोणत्या इयत्तेपासून वाचावं तेही छापलेलं असतं: 'शोगाकु चूक्यू कारा' म्हणजे प्राथमिकच्या मधल्या इयत्तांपासून. मधलं एखादं पान वाचा. दहाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.

नवशिके फसतात ते चित्रपुस्तकांत. सगळं हिरागानात आहे, म्हणजे सोपं, असं वाटतं. पण कांजी नसल्याने 'हाशी' म्हणजे पूल, जेवायच्या काड्या की कडा, हे संदर्भावरूनच ताडावं लागतं, आणि वर ध्वन्यनुकारी शब्दांचा पाऊस. त्यापेक्षा पहिली-दुसरीच्या मुलांचे छोट्या गोष्टींचे संग्रह बरे.

परीक्षेची जुनी पुस्तकं घेताना पातळी कशी लिहिली आहे ते पाहा. २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या झाल्या. त्याआधी चारच 'क्यू' होते. 'नी-क्यू', म्हणजे दुसऱ्या क्यूचं व्याकरणाचं पुस्तक एन-२ साठी आजही चालतं, पण त्या काळच्या सराव प्रश्नपत्रिका घेऊ नका, प्रश्नांचं स्वरूप बदललंय. 'काकिकोमी' असा शेरा दिसला तर आत कुणीतरी लिहिलेलं आहे. कादंबरीत ते चालेल, पण सोडवलेली सरावपुस्तिका म्हणजे निव्वळ रद्दी. सीडी जागेवर आहे का, तेही पाहून घ्या.

कोऱ्या सरावपुस्तिका हव्या असतील तर दाइसोसारख्या शंभर येनच्या दुकानात शाळकरी मुलांसाठीच्या वह्या मिळतात. तिकडच्या शाळेत पहिलीला ८० कांजी, दुसरीला १६०, सहावीपर्यंत एकूण १०२६. एन-५ वाल्याने पहिलीच्या वहीपासून सुरुवात करावी.

टोकियोतल्या जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या बाजाराबद्दल सगळेच विचारतात. जरूर जा. यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला दुकानं ओळीने आहेत, तोंडं उत्तरेला, कारण उन्हाने कागद पिवळा पडतो. पण तिथली बरीच दुकानं एकेका विषयाची, अभ्यासकांसाठीची. शिकणाऱ्याने दाराबाहेरच्या, एकाच दराच्या ढकलगाड्या चाळाव्यात. रविवारी अनेक दुकानं बंद असतात, आणि लहान दुकानांत रोख पैसे लागतात.

राहता राहिलं वजन. मांगाचे पाच-सहा खंड म्हणजे सुमारे एक किलो, आणि विमानात हातातल्या सामानाला बहुतेकदा सातच किलो. म्हणून खरेदी शेवटच्या दोन दिवसांत करा आणि कापडी पिशवी सोबत ठेवा. जुलै २०२० पासून तिथे प्लास्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे पडतात.