सनद आणि सायकल

आमच्या ग्रामपंचायतीच्या दारालगतच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली नागरिकांची सनद आहे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला, दारिद्र्यरेषेखाली असल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा अशी ती वरून खाली उतरत जाते. तळाच्या दोन ओळी ओलीमुळे पोपडे धरून गळून पडल्या आहेत, त्यामुळे त्या सेवा नेमक्या कोणत्या होत्या हे आता केवळ रंगाऱ्यालाच ठाऊक असावे. ही सनद उभे राहून पूर्ण वाचणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो मी आहे.

इतरांना ती वाचण्याची गरज पडत नाही, कारण त्यांच्यासाठी या साऱ्या सेवा सायकलवरून फिरत असतात. ग्रामपंचायतीचे चपराशी, ज्यांना लहानथोर सगळेच काका म्हणतात, पहाटे साडेपाचला नळाच्या पाण्याचा वाल उघडायची लांब लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून निघतात, आणि त्या चावीचा खडखडाट ऐकला की बायका अंथरुणातूनच ओळखतात, आज आपल्या पुऱ्याची, म्हणजे वस्तीची, पाण्याची पाळी आहे. सचिव आठवड्यातून ठरल्या दिवशी येतात, कारण त्यांच्याकडे आणखी एक गाव आहे. सरपंच पाच वर्षांनी बदलतात. काका मात्र तेच आहेत. सचिवांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे नवे नाव मिळाले असले, तरी गावात ते अजून ‘सचिव साहेब’च आहेत.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर कितीही खोल खणली तरी हाती लागते ते खारट पाणीच, ज्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यामुळे दूरच्या धरणावरून नळाने येणाऱ्या पाण्याला आमच्याकडे ‘गोडं पाणी’ असे स्वतंत्र नाव आहे. सरकारच्या जलजीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटरचे आहे. आमच्याकडे पाणी रोज येत नसल्यामुळे हे माप मोजायचे कसे, हा प्रश्न मी एकदा ग्रामसभेत विचारला होता, आणि तो इतिवृत्तात नोंदवलाही गेला.

टाकीत पाणी आले की काका त्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर कालवून सोडतात आणि मग एखाद्या शेवटच्या घरी जाऊन ओटी टेस्ट करतात. ही टेस्ट मी आमच्या ओट्यावर बसून कित्येकदा पाहिली आहे. बोटाएवढ्या काचनळीत नळाचे पाणी घ्यायचे, त्यात बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरायची. पाणी पिवळे झाले तर टाकीतले क्लोरीन इथपर्यंत पोहोचले. जसेच्या तसे राहिले तर नाही. काका एक डोळा मिटून त्या पिवळेपणाकडे असे पाहतात की सोनारही लाजावा. पिवळे झाले नाही तर तोंडाने काहीच बोलत नाहीत, सायकल वळवून पुन्हा टाकीकडे जातात. पाण्याच्या व्यवस्थेवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आमच्या कार्यालयात हिरवे कार्ड काच लावून टांगलेले आहे, आणि एका वर्षी लाल कार्ड मिळाले होते, ते कुठे आहे हे कोणी सांगत नाही.

दिव्यांचा कारभार याहून गुंतागुंतीचा आहे, कारण खांब वीज कंपनीचा आणि त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा. अंधार कोणाचा, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसल्यामुळे लोक तोही काकांच्याच नावावर टाकतात. नाल्यांचेही तेच. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे आणि त्यांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानाचे फलक गावात दोन ठिकाणी आहेत. नालीतला गाळ मात्र काका आणि रोजंदारीवरचा एक पोरगा असे दोघेच काढतात, आणि तो ज्याच्या दारात काढून ठेवला जातो तो घरमालक त्यांनाच बोलतो.

सनदेवर कधीच नव्हती अशी एक सेवा मला आठवते, ती कांजी हाउसची, म्हणजे मोकाट गुरे कोंडण्याच्या कोंडवाड्याची. गुरांच्या उपद्रवाविषयीचा कायदा १८७१ चा आहे, म्हणजे गावात ग्रामपंचायत येण्याच्या कितीतरी आधीचा. मी चौथीत असताना आमची कपिली गाय दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरली म्हणून कांजी हाउसात कोंडली गेली, आणि बाबांनी मला पैसे देऊन तिला सोडवायला पाठवले. तेव्हा तरुण असलेल्या काकांनी पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि कवाड उघडण्यापूर्वी गाईपुढची कुटाराची टोपली दाखवून म्हणाले, “उपाशी नाही ठेवली तिले, घरी सांगजो.” आता त्या कांजी हाउसात टीसीएलच्या गोण्या आणि चाक निखळलेली घंटागाडी कोंडलेली आहे.

मार्चमध्ये काकांच्या पिशवीत कराच्या मागणीची बिले असतात. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांची मागणी नमुना ९ मध्ये लिहिलेली असते आणि भरलेल्या रकमेची पावती नमुना १० मध्ये फाटते. ग्रामपंचायतीचा सारा कारभार असा १ ते ३३ नमुन्यांत बसवलेला आहे. वसुलीच्या वेळी प्रत्येकालाच आपला नळ कितीदा कोरडा राहिला ते आठवते. मात्र निवडणूक लागली की चित्र पालटते. मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यपदाला अपात्र ठरतो, अशी तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे, आणि तिच्या धाकाने वर्षानुवर्षे तुंबलेली घरपट्टी आठ दिवसांत गोळा होते. निवडणुका दर वर्षी घ्याव्यात, असे आमचे माजी उपसरपंच गमतीने म्हणायचे.

माझी स्वतःची तक्रार जुनी आहे. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला काढायला गेलो तेव्हा रजिस्टरमध्ये माझी तारीख होती, बाबांचे नाव होते, लिंग होते, फक्त माझे नाव नव्हते. नाव नंतर भरण्यासाठी कायद्याने पंधरा वर्षे दिलेली असतात, ती केव्हाच उलटून गेली होती. शासनाने पुढे दिलेल्या मुदतवाढीत ते भरले गेले, पण तोवर चार महिने मी कागदोपत्री निनावी होतो. त्या काळात काका रस्त्यात भेटले की मुद्दाम विचारायचे, “काय हो बिननाव?”

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. त्या दिवशी आमच्या पुऱ्याची पाळी नव्हती, आणि घरात सत्तर-ऐंशी माणसे गोळा झालेली. दुपारी बाराच्या उन्हात नळाला अचानक पाणी आले. मी बाहेर येऊन पाहिले तर कोपऱ्यावरच्या वालापाशी सायकल टेकवलेली होती आणि काका चावी धरून खाली बसलेले होते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, हे त्यांनी मला तेराव्या दिवशी आठवून दिले आणि फॉर्मही स्वतःच आणून दिला.

घराच्या नमुना ८ वर अजून बाबांचेच नाव आहे. नाव बदलायला अर्ज करावा लागतो, वारसांचे कागद जोडावे लागतात, मग तो मासिक सभेपुढे जातो. यंदा मार्चमध्ये काका बिल घेऊन आले तेव्हा म्हणाले, “भाऊ, नाव बदलून नाही घ्याचं का?” मी म्हणालो, पावसाळ्यानंतर बघू. त्यांनी मान डोलावली, मांडीवर पुस्तक उघडले, कार्बन सरळ केला आणि बाबांच्या नावाने पावती फाडली.